कंपनी बुडाली तर पैसे सरकार देतं?

‘कंपनीचं दिवाळं निघालं की थकलेला पगार सरकार देतं, फक्त फाईल अडकते.’ गेटवरच्या चहाच्या टपरीवर हे हमखास ऐकू येतं. ब्रिटनमध्ये ते बऱ्याच अंशी खरं आहे; तिथे राष्ट्रीय विमा निधीतून ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळते. आपल्याकडे असा निधीच नाही.

आपल्याकडे पैसे येतात ते कंपनीची मालमत्ता विकून. २०१६च्या दिवाळखोरी संहितेनुसार अवसायनापूर्वीच्या (म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याआधीच्या) २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणदार, म्हणजे तारण घेऊन कर्ज दिलेल्या, बँकांच्या बरोबरीने येतात. म्हणजे ‘आधी बँक, उरलं तर कामगार’ हेही चूकच. मात्र ही सवलत कायद्याच्या व्याख्येतल्या ‘कामगारां’ना, ढोबळमानाने व्यवस्थापकीय पदावर नसलेल्यांना. इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार त्यांच्या खालच्या पायरीवर, आणि तिथपर्यंत पैसा पोचेलच असं नाही. पीएफ निधीत जमा झालेली रक्कम या वाटपात येतच नाही.

उशीर खरा आहे, पण तो बहुतेकदा दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात होतो. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९मध्ये थांबली. अवसायनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला नोव्हेंबर २०२४मध्ये!

त्यामुळे मंत्रालयात खेटे घालण्याआधी अवसायकाची (कंपनी गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याची) जाहीर सूचना शोधा आणि मुदतीत दावा भरा. पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, बँकेचं पासबुक सोबत लागेल.