इंधनाचे उष्मांक मूल्य (मापन)

एक किलो इंधन पूर्ण जळाल्यावर जेवढी उष्णता बाहेर पडते, ते त्या इंधनाचे उष्मांक मूल्य. घन व द्रव इंधनांसाठी ते ‘बाँब कॅलरीमापी’ने काढतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बेर्तलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रूढ केली.

बाँब म्हणजे जाड पोलादाचे घट्ट झाकणाचे भांडे. बारीक दळलेल्या कोळशाची सुमारे एक ग्रॅमची वडी मुशीत ठेवून तिला तार टेकवतात आणि भांड्यात साधारण ३० वातावरण दाबाने ऑक्सिजन भरतात. मोजून घेतलेल्या पाण्यात हे भांडे बुडवून तारेतून वीज सोडली की वडी भडकते. बाहेरून काहीच दिसत नाही, पाण्याचे तापमान तेवढे चढू लागते. सगळे उपकरण एक अंशाने तापायला किती उष्णता लागते, हे शुद्ध बेंझॉइक आम्ल जाळून आधीच ठरवलेले असते. त्याच्या एका ग्रॅममधून सुमारे २६.४ किलोज्यूल मिळतात.

समजा, उपकरणाला अंशामागे १० किलोज्यूल लागतात आणि एक ग्रॅम कोळशाने तापमान १.८ अंशांनी वाढले. म्हणजे १८ किलोज्यूल, किलोमागे सुमारे ४,३०० किलोकॅलरी. इथे तापमान वाचताना ०.१ अंशाची चूक झाली तर किलोमागे जवळजवळ २४० किलोकॅलरींचा फरक पडतो. भारतात २०१२ पासून कोळशाची प्रतवारी याच मूल्यावर होते आणि बहुतेक प्रतींमध्ये अंतर असते अवघे ३०० किलोकॅलरींचे. म्हणून तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचतात, जळालेल्या तारेची आणि तयार झालेल्या आम्लांची उष्णताही वजा करतात.

तरीही नुसता आकडा अपुराच. नमुना वाळवून घेतला की खाणीतून आला तसा, हे सोबत लिहिलेच पाहिजे. शिवाय बंद बाँबमध्ये जळताना झालेली वाफ पुन्हा पाणी होते आणि आपली उष्णता परत देते. हे स्थूल मूल्य. बॉयलरमध्ये ती वाफ धुराड्यातून निघून जाते, म्हणून तिथे निव्वळ मूल्य धरणेच योग्य. हायड्रोजनसाठी ही दोन मूल्ये किलोमागे सुमारे १४२ आणि १२० मेगाज्यूल आहेत. साखर कारखान्यातल्या उसाच्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते. त्याचे निव्वळ मूल्य कोरड्या चिपाडाच्या निम्म्याहूनही कमी भरते.