चार पिढ्या, एक बाई आणि साठ वर्षांची रेघ

एका बाईभोवती अनेक पिढ्या गुंफणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीला अनेकदा 'सागा' म्हणतात. हा शब्द आइसलँडचा, अर्थ 'जे सांगितले ते'. आपल्या 'सांगणे'शी त्याचे नाते जोडायचा मोह होतो, पण ते नुसते ध्वनिसाम्य. तेराव्या शतकातल्या त्या गद्यकथांतही घराणी आणि वैरे आहेत. पात्राआधी त्याचे पूर्वज हजर होतात आणि नवा वाचक तिथेच थकतो.

आजच्या जाडजूड कादंबरीचा सांगाडा मात्र एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचा. कादंबरी तीन खंडांत निघे, किंमत साडेएकतीस शिलिंग. बहुतेक वाचक वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, भरून वाचनालयातून एका वेळी एकच खंड नेत. एक कादंबरी तीन वर्गणीदारांत फिरवता येत असल्याने वाचनालयांना लांबी हवीच होती; मधला खंड पसरट होई तो बऱ्याचदा यामुळे. नायिकेचे लग्न तिसऱ्या खंडाअखेरीस लागे आणि पुस्तक मिटे. १८९४ मध्ये मोठ्या वाचनालयांनी हात आखडता घेतला आणि पद्धत मोडली. पुढे पिढ्यांच्या कादंबऱ्यांत लग्न अलीकडे सरकले. बाळंतपणे, वैधव्य, वाटण्या हा खरा ऐवज त्यानंतर येऊ लागला.

वाद आहे तो 'ऐतिहासिक' या शब्दाचा. १८१४ मधल्या एका स्कॉटिश कादंबरीच्या उपशीर्षकात साठ वर्षांपूर्वीचा काळ सांगितला होता. त्यावरून एका ब्रिटिश पुरस्काराने बहुतांश कथानक किमान ६० वर्षांपूर्वीचे हवे, अशी अट घातली. दुसरीकडे ५० वर्षे पुरतात. एखाद्या लढाईच्या कादंबरीला ही रेघ चालते; बाईच्या आयुष्यावर ती आडवी पडते. १९३० ला जन्मून २०१० ला वारलेली नायिका घ्या. पुस्तक २०१५ चे असेल तर रेघ १९५५ ला, तिच्या पंचविशीत. पुढची पंचावन्न वर्षे इतिहास नाहीत? आणि 'बहुतांश' मोजायचे वर्षांवर की पानांवर? पहिल्या पंचवीस वर्षांना तीनशे पाने आणि उरलेल्यांना दीडशे दिली की अट भागते, पण म्हातारपण उरकल्यासारखे होते.

सुरुवातीला छापलेला वंशवृक्षही निर्धोक नाही. मृत्यूसाले दिली असतील तर कोण कधी जाणार ते आधीच फुटते. पुरुषांच्या वंशाने आखला असेल तर नायिका नवऱ्याच्या नावाला '=' या खुणेने चिकटलेली आणि तिचे माहेर गायब. ई-बुकात तो चित्र म्हणून आला की अक्षरे बारीक होतात आणि शोधात नाव सापडत नाही. त्यापेक्षा कागदावर स्वतः आखावा: नायिका मध्ये, वर दोन पिढ्या, खाली दोन, प्रत्येक नावाखाली जन्मसाल. आजोबा-नातू एकाच नावाचे असले की सालच वाचवते. पिढीला साधारण २५ वर्षे धरली की गफलत लगेच नजरेत भरते.

वयांनाही जपावे लागते. पूर्व आशियातल्या पारंपरिक मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचे आणि वय वाढते नववर्षाला. त्यामुळे तिथल्या कथेतली सतराची नवरी आपल्या हिशेबाने पंधरा किंवा सोळाची. रशियात १९१८ पर्यंत जुनी, ज्युलियन दिनदर्शिका चाले; त्यामुळे रशियन घराण्याच्या कथेत १९१८ पूर्वीची, विसाव्या शतकातली तारीख तेरा दिवस मागे असते, म्हणून पेट्रोग्राडच्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) पत्रावर २५ ऑक्टोबर आणि पॅरिसच्या वर्तमानपत्रावर ७ नोव्हेंबर असेल, तरी दिवस एकच.