पोशाखातले नट आणि जलरंग

भूमिकेच्या पोशाखात नट रंगवायची लंडनमधली प्रथा आधी तैलचित्रांत रुळली. चित्रकार झोफनीने 1760च्या दशकात प्रसिद्ध नट गॅरिकला असे रंगवले. जलरंगाला काम मिळाले ते मात्र प्रकाशकांमुळे. जॉन बेलने 1776 मध्ये नाटकांची स्वस्त मालिका काढली. तिच्यासाठी नटांची भूमिकेतली चित्रे लागत, आणि जेम्स रॉबर्ट्सच्या छोट्या चित्रांवरून छपाईचे ताम्रपट कोरले गेले.

पुढच्या पिढीत सॅम्युएल डी वाइल्डने हा प्रकार नावारूपाला आणला. तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात, नाटकगृहांच्या शेजारीच काम करी. बेलसाठी त्याने तैलचित्रे केली, नंतर पेन्सिल, खडू आणि जलरंगाकडे वळला. कारण उघड आहे: तैलरंग वाळायला दिवस लागतात, पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर (वॉश) काही मिनिटांत वाळतो. रीव्ह्ज बंधूंच्या रंगवड्याही 1780च्या सुमारास बाजारात आल्या होत्या, त्यामुळे रंग घोटत बसायला नको. चेहऱ्यावर तांबडा खडू, कपड्यांवर रंग, मागची जागा जवळपास कोरी.

1808 मध्ये कॉव्हेंट गार्डन आणि 1809 मध्ये ड्रुरी लेन ही नाटकगृहे जळाली. कॉव्हेंट गार्डनचे कपडेपटही त्यात गेले, म्हणून पोशाखाच्या अभ्यासाला ही चित्रे मोलाची. नट चार्ल्स मॅथ्यूजने जमवलेला मोठा संग्रह पुढे लंडनच्या गॅरिक क्लब या नाट्यप्रेमींच्या मंडळाकडे आला.

पण चित्रातला रंग जसाच्या तसा धरू नये. किरमिजी हा तांबडा रंग उजेडात विटतो, त्यामुळे किरमिजी आणि निळ्यातून केलेला जांभळा झगा आज निळसर दिसतो. नीळ घातलेली राखाडी सावली तांबूस होते, कारण नीळ उडते आणि सोबतचा तांबडा मातीरंग टिकतो. शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकाने काळवंडतो, आणि मग लेसवरची झळाळी डागासारखी दिसते. खात्री करायची तर माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेखाली दबलेली पट्टी पाहावी. रंग तिथवर पोचला असेल, तर मूळ छटा तिथेच सापडते. सगळाच उजेड घातक, म्हणून संग्रहालये जलरंगांवर साधारण 50 लक्स (उजेड मोजायचे एकक) इतकाच मंद उजेड ठेवतात.

छापील प्रतीवर तर आणखी कमी विसंबावे. कोरणाऱ्याने चित्र ताम्रपटावर सरळच उतरवले, तर छपाई आरशातल्यासारखी उलटी येते. तलवार उजव्या कमरेला दिसली की आधी हाच संशय घ्यावा, आणि पट्टा किंवा गुंड्या कोणत्या बाजूला होत्या ते मूळ चित्रावरूनच ठरवावे.