पायांनी श्वास घेणारा कोळी

६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. आजही या मोहिमांची सूत्रं वास्कोजवळच्या सड्यावरून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. त्यामुळे आम्हा गोंयकारांना तो बर्फाळ समुद्र तसा परका नाही. तिथल्या एका प्राण्याने मला पार वेड लावलं आहे, तो म्हणजे समुद्री कोळी.

घरात जाळं विणणाऱ्या कोळ्याचा हा फार लांबचा नातेवाईक. याच्या तेराशेहून अधिक जाती माहीत आहेत. उबदार पाण्यातले बहुतेक इतके चिमुकले, की खडकावरच्या शेवाळात शोधूनही सापडू नयेत. अंटार्क्टिकाच्या पाण्यात मात्र पायांचा पसारा ताटाएवढा होतो. खोल, थंड समुद्रातली सर्वांत मोठी जात तर ७० सेंटीमीटरपर्यंत पसरते.

एवढ्या लांब पायांच्या मधोमध धड म्हणजे नुसती काडी! पोटातलं तिथे मावणार कसं? म्हणून आतड्याच्या शाखा थेट पायांत उतरतात. मादीची अंडीही पायांतच तयार होतात. कल्ले नाहीतच, पाण्यातला ऑक्सिजन कवचातल्या बारीक छिद्रांतून आत झिरपतो. तो शरीरभर पोचवायला हृदय आहे, पण दुबळं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं, की पायांतलं आतडं लाटांसारखं आकुंचन पावतं आणि त्या रेट्याने रक्तही पायांतून खेळतं. अन्न पचवणारं आतडंच इथे हृदयाचं ओझं वाहतं. निसर्गातली इतकी सुंदर काटकसर मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

अंडी सांभाळतो तो बाप. बहुतेक जातींत तो त्यांचे पुंजके पोटाखालच्या खास पायांवर वागवतो.

पण थंडीतच हे एवढे का वाढतात? दोनापावलाचं पाणी साधारण २८ अंश. अंटार्क्टिकाचं उणे १.८ अंशांपर्यंत उतरतं. अशा गार पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ दुप्पट विरघळतो, शिवाय थंडीत शरीराची ऑक्सिजनची गरजही मंदावते. म्हणून नुसत्या कवचातून श्वास घेऊनही मोठं होणं परवडतं, असं एक स्पष्टीकरण आहे.

तसं असेल तर समुद्र तापू लागल्यावर आधी मोठेच गुदमरायला हवेत. शास्त्रज्ञांनी हे तपासलं. कोळ्यांना उताणं केलं आणि पाणी तापवत नेलं, तरी ते पुन्हापुन्हा किती वेळा सुलटे होतात ते मोजलं. २०१९ साली निष्कर्ष आले : मोठे कोळी लहानांपेक्षा लवकर दमले नाहीत. कारण आकार वाढतो तसं त्यांचं कवच अधिकाधिक सच्छिद्र होत जातं.