मुठीचं पाऊल

वडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गौरी येतात, तेव्हा उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं आईच उमटवते. तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवायची, करंगळीकडची कड फरशीवर टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके. झालं पाऊल. सगळी आत येणारी, बाहेर जाणारं एकही नाही. पाच हजार वर्षांनी ही फरशी कुणाला सापडली, तर ‘इथे लहान मूल चाललं होतं’ असंच तो म्हणेल. गौरीचं नावही त्याच्या मनात येणार नाही.

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या प्राचीन चित्रांपुढे आपण त्याच जागी असतो. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली या शैलाश्रयांचा, म्हणजे खडकांतल्या निवाऱ्यांचा, शोध लावला. तिथे एकाच भिंतीवर चित्रांवर चित्रं आहेत. जे वर ते नंतरचं. घोडेस्वार आणि तलवारी ऐतिहासिक काळातल्या, हेही कळतं. नेमकं वय काढणं मात्र कठीण. चित्रांतला लाल रंग गेरूचा, आणि गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. त्यात कार्बनच नाही, मग कार्बन पद्धत चालवायची कशावर? इंडोनेशियातल्या सुलावेसीत चित्रावर चुनखडीचा पातळ थर चढला होता. त्यातल्या युरेनियमचं थोरियम किती झालं हे मोजून, चित्र किमान ५१,२०० वर्षांचं असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं.

वय एकवेळ निघेल, अर्थाचं काय? फ्रान्सचे गुहाचित्रांचे अभ्यासक आंरी ब्रय यांनी ‘शिकार साधावी म्हणून केलेली जादू’ हे उत्तर लोकप्रिय केलं. पण फ्रान्समधल्याच लास्कोच्या गुहेत खाल्लेली हाडं बहुतेक रेनडिअरची, आणि भिंतीवर घोडे नि रानबैल! खाणं एक, चितारणं दुसरंच.

आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर, छोटाउदेपूरच्या राठवा आदिवासींच्या घरात पिठोरा असतो, म्हणजे भिंतीवरचं चित्र. भिंतभर घोडे. मला आधी ती लढाईच वाटली होती. निघाला फेडलेला नवस, आणि घोडे देवांचे. चितारणाऱ्याला तिथे ‘लखारा’ म्हणतात, म्हणजे लिहिणारा. लिहून झालं की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी (पंढरपूरचे वेगळे), अंगात आल्यावर एकेक आकृती तपासतो. राहिलेलं काही असेल तर तिथल्या तिथे चितारून घेतो.

भीमबेटकाच्या एका खडकावर डुकराच्या तोंडाचा, शिंगं असलेला अजस्र प्राणी आहे आणि त्याच्यापुढे इवलासा माणूस. डुकराला शिंगं नसतात, तेव्हा ही नुसती शिकारीची आठवण नव्हे, एवढं मी म्हणेन. माणूस मला पळताना दिसतो. आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘नाचतोय.’