उथळ पाण्यातील नाणेशोध (सोलापूर जिल्हा)

नदी-तलावाच्या गुडघाभर पाण्यात किंवा पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या पात्रात जुनी नाणी, दागिने आणि धातूच्या वस्तू शोधण्याचा प्रघात. सोलापूर जिल्ह्यात त्याचे मुख्य ठिकाण पंढरपूर. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. वारकरी स्नान करतो, ओंजळीने पाणी सोडतो आणि पाण्यात एक नाणे टाकतो. त्या नाण्यामागे काठावरची पोरे लागलेलीच असतात.

पोरांचे हत्यार म्हणजे जुन्या स्पीकरमधला गोल लोहचुंबक आणि हातभर सुतळी. चुंबक पाण्यात फेकायचा, वाळूवरून सावकाश ओढायचा, वर काढायचा. तो वर येतो तेव्हा त्याला काळी दाढी फुटलेली असते. ही दाढी मॅग्नेटाइटच्या कणांची. भीमेचे खोरे बसाल्ट खडकाचे असल्याने वाळूत हे कण मुबलक असतात. दाढी बोटाने निपटली की आत एखादा रुपया, बाटलीचे बूच किंवा खिळा सापडतो.

पण चुंबक जुने नाणे शोधतच नाही. १९८८ पासूनची दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची पोलादी नाणी त्याला चिकटतात, १९९२ पासूनचा पोलादी रुपयाही चिकटतो. शुद्ध निकेलची नाणी, म्हणजे १९४७ चा रुपया, १९४६-४७ ची पावली किंवा साठच्या दशकातले पन्नास पैसे, हीसुद्धा येतात. तांबे, चांदी, सोने, पितळ, कांसे आणि ॲल्युमिनियम मात्र त्याच्या खालून निसटतात. मराठेशाहीतली शिवराई तांब्याची, राणीछाप पाव आणा तांब्याचा, १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा कांस्याचा. दिवसभर चुंबक ओढणाऱ्याला चहापाण्यापुरते पैसे मिळतील, इतिहास मिळणार नाही.

जुन्या नाण्यासाठी घमेले आणि चाळणच लागते. सोनारांच्या दुकानातली धूळ आणि राख धुऊन त्यातून सोने-चांदी काढणाऱ्याला झारेकरी म्हणत. पात्रातले कामही त्याच जातीचे. वाळू-गाळ घमेल्यात घेऊन पाण्याखाली गोल हलवायचा, हलके कण काठावरून वाहू द्यायचे, तळाशी राहील ते निरखायचे. तत्त्व वजनाचे आहे. वाळू पाण्याच्या साधारण पावणेतीन पट जड, तांबे नऊ पट, चांदी साडेदहा पट आणि सोने एकोणीस पट. पूर वाळू हलवतो तेव्हा जड वस्तू तिच्यातून खाली उतरत जाते आणि मुरुमावर किंवा खडकाच्या फटीत अडकते. म्हणून मोकळ्या वाळवंटापेक्षा घाटाच्या शेवटच्या पायरीचा कोपरा आणि वळणाची आतली, संथ बाजू जास्त देते. मेटल डिटेक्टर आणणारेही आता असतात, पण काळ्या वाळूमुळे साधे यंत्र नुसते कुरकुरत राहते.

सापडते ते सगळे नाणेच नसते. झिजलेले देवाचे टाक आणि भंगलेल्या मूर्ती घरात ठेवत नाहीत, नदीत सोडतात. त्यामुळे अंगठ्याएवढ्या पत्र्यावर ठोकलेला खंडोबा किंवा हातात तलवार घेतलेली देवी हाती येऊ शकते. अशी वस्तू कुणीतरी बुद्ध्या निरोप देऊन सोडलेली असते. ती उचलावी की पुन्हा पाण्यात सोडावी, यावर काठावर एकमत होणार नाही. प्रस्तुत लेखकाला परत सोडणेच बरे वाटते.

माढा तालुक्यातील उजनी धरणाचे (१९८०) प्रकरण वेगळे. त्याच्या ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यात निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न धरलेले तळचे पाणी, असल्याने उन्हाळ्यात पातळी त्याखाली गेली की पाणी ‘वजा’ झाल्याच्या बातम्या येतात. मग पुणे जिल्ह्याच्या हद्दीतले पळसदेवचे मंदिर डोके वर काढते आणि बुडालेल्या गावठाणांचे चौथरे दिसू लागतात. तिथली वस्तू देवाला वाहिलेली नसते. ती घर सोडताना मागे राहिलेली असते: अडकित्ता, चुनाळे, जात्याची तळी. वरून वाळलेला गाळ आत लोण्यासारखा असतो आणि माणूस मांडीपर्यंत रुततो. पंढरपुरात तीच भीती वाळूउपशाने पडलेल्या खड्ड्यांची. पाऊल घोटाभर पाण्यातून एकदम डोक्यावर पाणी असलेल्या ठिकाणी पडते.

हवा न पोचणाऱ्या गाळात तांबे आणि चांदी काळी पडतात. हवा मिळालेले तांबे हिरवे होते. घरी आणल्यावर पहिली चूक ठरलेली: चिंच-मीठ लावून घासणे. देव्हाऱ्यातल्या तांब्याला ते शोभते, पण शिवराईवरची ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे बहुधा त्या काळ्या-हिरव्या थरातच टिकलेली असतात, आणि थरासोबत तीही जातात. शुद्ध पाण्यात भिजत ठेवून, पाणी बदलत, मऊ ब्रशने माती काढणे एवढेच करावे.

कायद्याच्या दृष्टीने एकटे नाणे आणि नाण्यांचा हंडा एक नव्हेत. निखात निधी अधिनियम, १८७८ जमिनीत दडवलेल्या मौल्यवान वस्तूंना लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास काय, कुठे आणि कधी सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती यांविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरते; परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. हा दहा रुपयांचा आकडा १८७८ पासूनचा आहे. तेव्हा त्या रकमेत ६४० पाव आणे येत.