अनेक आवाजांची गुन्हेकथा आणि विदर्भाचा कान

एका माणसाने संपूर्ण पुस्तक वाचून दाखवायचं, ही बोलक्या पुस्तकांची जुनी रीत. आता प्रत्येक पात्राला वेगळा नट असतो, मागे दारांचे, पावलांचे, पावसाचे आवाज असतात आणि कथा बहुतेक वेळा खुनाची नाहीतर चोरीची असते. त्यातही शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची गाजलेली कादंबरी उचलायची आणि मोबाइल, सीसीटीव्हीच्या काळात आणून सोडायची, ही चाल सध्या जोरात आहे. २०२३ साली इंग्रजीत सुरू झालेल्या 'शेरलॉक अँड कंपनी' या ध्वनिमालिकेत डॉ. वॉटसन आठवणी लिहीत बसत नाही, पॉडकास्ट करतो. तेवढ्या एका बदलाने बाकीचं जुनं सामान आपोआप आजचं होतं.

वणी-वडशाकडच्या माणसाला हे शहरातलं नवं खूळ वाटेल. वाटू द्या. पण या खुळाच्या घराण्याचा शोध घेतला तर एक धागा थेट आपल्या वावरापर्यंत येतो.

बोलकी पुस्तकं निघाली ती अंधांसाठी. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न ब्रिटनमध्ये मोठा होता. १९३५ साली तिथे तबकड्यांवर पहिली पुस्तकं आली, त्यांत जोसेफ कॉनरॅडसोबत ॲगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' होती. म्हणजे खून पहिल्या दिवसापासून सोबतीला आहे. नाटकाची बाजू त्याहून अकरा वर्षांनी जुनी. खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी ऐकवलं. ते घडतं कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यावर. पात्रांनाच काही दिसत नाही, मग ऐकणाऱ्याला दिसत नाही याची तक्रार कोण करणार? चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या खाणकामगाराला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

जुन्या कादंबरीला नवा काळ देण्याचा मोठा धडा ३० ऑक्टोबर १९३८ चा. एच. जी. वेल्सच्या १८९८ सालच्या कादंबरीतले मंगळवासी नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने रेडिओवर इंग्लंडमधून उचलून अमेरिकेतल्या न्यू जर्सीत उतरवले आणि गोष्ट चालू कार्यक्रम तोडून येणाऱ्या बातम्यांच्या रूपात सांगितली. लोक घाबरून रस्त्यावर धावले, हे वर्तमानपत्रांनी बरंच फुगवून छापलं होतं. पण नाव-गाव बदलण्यापेक्षा 'हे कोण आणि कशातून सांगतंय' ते बदललं की कादंबरी ताजी होते, हे त्या रात्री पक्कं झालं.

गुन्हेकथेत ही गोष्ट विल्की कॉलिन्सने सत्तर वर्षं आधीच करून ठेवली होती. त्याची 'द मूनस्टोन' १८६८ साली साप्ताहिकातून क्रमशः आली. एका बंगल्यातून हिरा चोरीला जातो आणि ज्यांनी-ज्यांनी काही पाहिलं, ते एकेक करून आपली बाजू लिहितात. अट एकच: स्वतःला जेवढं ठाऊक तेवढंच सांगायचं, पुढचं नाही. घरचा जुना कारभारी आहे, धर्माच्या पुस्तिका वाटत फिरणारी नात्यातली बाई आहे, वकील आहे, डॉक्टरचा मदतनीस आहे. प्रत्येकाचा तोरा वेगळा, आंधळी जागा वेगळी. बाई बोलायला लागली की ती काय लपवतेय याची तिला स्वतःलाच कल्पना नसते, आपल्याला मात्र हसू येतं. निरनिराळ्या नटांना वाटून द्यायला याहून सोयीची कादंबरी सापडणार नाही. ती मुळात जबाबांची फाइलच आहे. चोर कोण ते इथे सांगत नाही.

तो हिरा आपल्याकडचा. कादंबरी सुरू होते १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून, आणि हिऱ्याचं मूळ सांगितलंय सोमनाथाच्या मंदिरातलं. विदर्भात आणायची झाली तर मला एवढ्या लांब जावंसं वाटत नाही. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. हत्ती-घोडे विकले गेले, राजघराण्याचे दागदागिने कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले. कॉलिन्सची कादंबरी येण्याआधी जेमतेम चौदा वर्षं. लिलावात न पोचलेला एखादा खडा कुठल्यातरी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, वाड्यात राहून गेला, एवढीच कल्पना लेखकाने करायची. बाकी इतिहास तयार आहे. आणि तो थंडावलेलाही नाही. पहिल्या रघूजींच्या नावाची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती मिळवून परत आणली, तेव्हा हा विषय पानटपरीवरही चघळला गेला.

साक्षीदारांच्या तोंडून ग्रंथ उभा करायची रीतही विदर्भाला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटाने इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र रचलं, ते चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून, विचारून, पडताळून. पुढे मूळ पोथी गेली, तेव्हा अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली आणि आठवणी जुळल्या नाहीत तिथे पाठभेदही सांभाळले. गुन्ह्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मान्य. पण एकाच घटनेची दोन माणसांनी सांगितलेली दोन रूपं शेजारी-शेजारी ठेवायची, हा प्रामाणिकपणा इथल्या गद्याच्या अगदी आरंभीचा आहे.

ऐकण्याची सवय मात्र दोन ठिकाणांहून आली. एक आकाशवाणी. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं आणि श्रुतिका, नभोनाट्य हे शब्द गावोगावी रुळले. दुसरी आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची जागा म्हणजे झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर धान निघालं की मंडईची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्रभर चालणारी नाटकं. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाट्य कंपन्यांचं ठाणं. मागच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा कुठून दिसणार? तो नाटक घेतो कानाने, माइकमधून येणाऱ्या आवाजाने. त्यामुळे आवाज फेकणं, वाक्य लोकांपर्यंत पोचवणं, रडणं आणि दरडावणं नुसत्या गळ्यावर तोलणं ही इथल्या नटाची रोजची मजुरी आहे. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

मराठी गुन्हेकथेची पुस्तकी बाजू सगळ्यांना माहीत आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड गावच्या वाचनालयातल्या फाटक्या प्रतींतून दोन पिढ्यांनी वाचले. त्यांना नव्या काळात आणून ऐकवायला हरकत नाही, फक्त वारसांची परवानगी लागेल. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि अर्नाळकर गेले १९९६ साली. ॲगाथा ख्रिस्तीची पुस्तकं २०३६ संपेपर्यंत बंदिस्त. कॉलिन्स १८८९ मध्ये वारला, त्याला कोणीही हात लावावा. जुन्या कादंबऱ्यांवर निर्मात्यांचं एवढं प्रेम का, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं काम स्वस्त डेटाने केलं. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं, बोलकी पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल २०१७ मध्ये, तसल्याच ऑडिबलची भारतातली सेवा २०१८ मध्ये. मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं मागे पडली. निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेल्या बाईचे हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतात, कान मोकळा असतो.

कथेचा काळ बदलताना गावाकडच्या लेखकाला एक आयती सोय मिळाली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, मोबाइलवर केलं तरी चालतं. म्हणजे पंचनाम्याच्या वेळी वाड्यात कोण काय बोललं, मागे कोणतं भांडं पडलं, पोलीस पाटलाने कोणाला गप्प केलं, हे सगळं मुद्रणात येतं. कॉलिन्सने जे कागदावर मागितलं, ते आज तपासाचाच भाग झालंय. मोबाइलच्या टॉवरवरून माणूस शोधण्याची सोय रहस्याच्या मुळावर येते खरी, पण मेळघाटात रेंज नसलेले कोपरे अजून पुष्कळ आहेत.

धोका आहे तो आवाज निवडण्यात. मुंबई-पुण्यातल्या ध्वनिमुद्रणात विदर्भाचा माणूस म्हटलं की एकाच ठेक्याची वऱ्हाडी येते, तीही हशा पिकवायला. अकोल्याकडे 'काळा' 'काया' होतो. गडचिरोलीकडे झाडीबोलीचा बाज वेगळा, चंद्रपूरच्या दक्षिणेला तेलुगूची झाक. दृश्य नसलेल्या कथेत पात्राचं गाव, वय, जात, शिक्षण सगळं गळ्यातूनच कळतं. तिथे सगळ्यांना एकच बोली दिली तर कोण कोणाशी खोटं बोलतंय, याचा अंदाज ऐकणाऱ्याने घ्यायचा कशावरून? झाडीपट्टीचा हंगाम होळीच्या आसपास उतरणीला लागतो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कलावंत शेतावर नाहीतर मजुरीवर जातात. ध्वनिमुद्रणासाठी वडशाला जाऊन माणसं घ्यायची तर ते महिने मोकळे आहेत.